विष उतरवणारे बुवा

माझे सासरे आयुष्यात एकदाच संत झाले, तेही पगारावर. पण लोकांनी त्यांना त्यातून परत येऊ दिलं नाही.

त्यांचं नाव आकाराम. पन्हाळ्याच्या खालच्या अंगाला एका वाडीत जन्म. म्हशी राखायच्या, तालमीत जोर मारायचे आणि भजनात वरची पट्टी धरायची, एवढंच शिक्षण. कोल्हापुरातल्या एका स्टुडिओच्या माणसानं त्यांना यात्रेत गाताना ऐकलं, आणि पोरगं गातंय बी आणि दिसतंय बी म्हणून उचलून आणलं. त्या काळी जो नट तोच गवई. कॅमेरा चालू असतानाच गायचं. तबलजी झुडपामागे बसणार, पेटीवाला बैलगाडीच्या आड, आणि मध्येच कावळा ओरडला की सगळं पहिल्यापासून. मामंजी सांगायचे, माझं अर्धं आयुष्य कावळं हाकलण्यात गेलं.

पंचविशीच्या आत त्यांना पांढरी दाढी चिकटवून संत रंगोबा केलं. त्या सिनेमात एका लेकराला साप चावतो. रंगोबा त्याचं डोकं आपल्या पायांवर घेतो, देवळाच्या पायरीवर बसून गातो, आणि विष उतरून लेकरू जेवायला मागतं. ते गाणं असं:

उतर गा विषा । धर तुझी वाट ।
लेकराचं ताट । मांडलेलं ॥

सिनेमा तंबूतून गावोगाव फिरला, वर्षानुवर्षं फिरला. बायका पडद्याला ओवाळायच्या. त्यानंतर मामंजींनी बरेच सिनेमे केले. एकात ते वकील होते आणि भर कोर्टात गात होते. तो आठवड्यात उतरला. मग दुसऱ्याच्या आवाजावर ओठ हलवायचे दिवस आले. ते त्यांना जमेना. ओठ एकीकडे आणि गळा भलतीकडे, असं काहीतरी व्हायचं. हळूहळू कामं थांबली आणि ते शाहूपुरीतल्या आमच्या दोन खोल्यांत, खिडकीजवळच्या खुर्चीत येऊन बसले. बाकीचे सिनेमे जगानं विसरून टाकले. रंगोबा तेवढा राहिला.

एस.टी. स्टँड जवळ, त्यामुळं लोकांना सोपं पडायचं. कुणाला साप चावला की गाडीत घालून थेट आमच्या दारात. मी लग्न होऊन आले तेव्हा मला हे भयंकर वाटलं होतं, पण मामंजींनी त्यावर एक पद्धत बसवलेली होती. आलेल्या माणसाला ते आधी बसवायचे आणि गाण्याची एक ओळ म्हणायचे. ती म्हटल्याशिवाय कुणी ऐकूनच घेत नसे. ओळ झाली की शिव्या सुरू. अरं येड्यांनो, ते लेकरू स्टुडिओच्या हॉटेलवाल्याचं होतं, जिलबी खाऊन खरंच झोपलं होतं, उठंना म्हणून डायरेक्टरसाहेबाच्या माणसानं घोंगड्याखालनं त्याच्या टाचेला चिमटा काढलाय. कुणाचं इष उतरलं नव्हतं तवा. चला, व्हा रिक्षात. आणि खरंच रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात धाडायचे. बुवांनीच सांगितलं म्हटल्यावर माणसं मुकाट जायची. एक ओळ गाण्याची आणि चार शिव्यांच्या, असं ते औषध होतं. बरेच जण वाचले. नाव अर्थात गाण्याचं झालं.

पंच्याण्णव साली थंडीत त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि शब्द गेले. बोलायला तोंड उघडलं की नुसतं ‘ता… ता…’ यायचं. मान हलवण्यातही घोटाळा झाला. हो म्हणायचं असलं की मान ‘नाही’ अशी हलायची. चहा पाहिजे का विचारलं की नको नको करत कप ओढून घ्यायचे.

आणि मग एक दिवस वॉर्डात, नर्स उशी नीट करत असताना, त्यांनी ते गाणं म्हटलं. अख्खं. शब्द स्वच्छ, सूर जागच्या जागी. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी. बोलणं डोक्याच्या एका बाजूला असतं आणि गाणं दुसऱ्या, त्यांची दुसरी बाजू शाबूत आहे. मी तिथं आनंदानं रडले. माझे मालक कबनूरला यंत्रमागावर मुकादम, सुट्टीच्या वारी घरी यायचे. त्यांना मी हीच बातमी पहिली सांगितली, की मामंजी गातात.

घरी आल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. औषधातली गाण्याची ओळ राहिली होती आणि शिव्या गेल्या होत्या. आता कुणी सापाचं माणूस घेऊन आलं तर ते फक्त गाणार. रिक्षात कोण घालणार? मी रिक्षावाल्यांना सांगून ठेवलं, बुवा गावाला गेलेत म्हणा. पावण्यारावळ्यांनाही दारातूनच लावायला लागले. माणसं मला शिष्ट म्हणायला लागली आणि ते खरंही वाटावं असंच मी वागत होते.

पुढच्या श्रावणातली गोष्ट. सकाळची वेळ, मी भाकऱ्या थापत होते. दार उघडंच राहिलं होतं. पाठमोरी असतानाच मागं कुणीतरी म्हणालं,

“आक्का, बुवा हाईत न्हवं घरात? पोरीला मण्यार चावलीया.”

दारात एक साठीची बाई, कपाळावर विभूतीचे पट्टे. तिच्या मागं तिचा लेक, आणि लेकाच्या खांद्यावर सहा-सात वर्षांची मुलगी. बाईचं नाव गौराबाई, लेक शशिधर, मुलगी रक्षिता. हे सगळं पुढं दवाखान्यात कळलं. शिरोळ तालुक्यातली शेतकरी माणसं. पोर रात्री खाली आजीजवळ झोपली होती. पहाटे पोट दुखतंय म्हणून उठली, हातावर सुईनं टोचल्यासारखा डाग. शशिधरला कणगीमागं साप सापडला. मिरज तिथून हाकेवर, दवाखान्यांचं गाव. तिकडं पाठ करून ही माणसं पहिल्या एस.टी.नं कोल्हापूरला आली होती. गौराबाईनं नवी नवरी असताना तंबूत तो सिनेमा बघितला होता.

मी पोरीचं तोंड वर केलं. तिच्या पापण्या खाली ओघळल्या होत्या. तिला उघडायच्या होत्या, उघडत नव्हत्या. झोप आलीय का विचारलं तर म्हणाली, अज्जी दोन दोन दिसतीया. आवाज नाकातून येत होता.

मला माहीत होतं ते काय आहे. आमच्या दारात ते बघून झालं होतं. मी म्हणाले, इथं थांबू नका, बाहेर रिक्षा आहे, सरकारी दवाखाना जवळ आहे, आत्ताच्या आत्ता चला. मी पीठ लागलेल्या हातानंच शशिधरला ढकलत होते. तो निघालाही असता. पण त्याच्या आईनं चप्पल काढून उंबऱ्याच्या आत पाय ठेवला.

“जातो की, न्हाय कोण म्हणतंय?” ती म्हणाली. “बुवांच्या तोंडातनं एकदा निघू दे, मग जातो.”

बुवा गावाला गेलेत असं मी सांगितलं. तेवढ्यात आतून खुर्ची करकरली. ती मला बाजूला करून आत गेली.

मामंजींनी पोरीकडं बघितलं. त्यांना लगेच कळलं, हे मी त्यांच्या डोळ्यांवरून सांगते. त्यांनी डावा हात दाराकडं केला, दवाखान्याच्या दिशेला. तोंड उघडलं. ‘ता… ता…’ पुन्हा ‘ता…’ मानेच्या शिरा टरारून आल्या. आणि मग, उघडलेल्या तोंडाला दुसरी वाटच नसल्यामुळं, ते गाणं बाहेर पडलं.

ऐंशी ओलांडलेला घसा. पण देवाशपथ सांगते, असं ते कित्येक वर्षांत गायले नव्हते. जीव तोडून काही सांगायला निघालेला माणूस होता तो, आणि सगळा जोर त्या सुरात उतरला. गौराबाई मटकन खाली बसली. पोरीचं डोकं तिनं त्यांच्या पायांवर ठेवलं, सिनेमात ठेवतात अगदी तसं. शशिधर इतका वेळ कावराबावरा होता, त्याचा चेहरा सैल पडला. मी त्याला रिक्षा बोलवायला सांगत होते आणि तो हात जोडून बसत होता.

मी ओरडून सांगितलं की हा आजार आहे. त्यांना बोलता येत नाही, फक्त गाता येतं; ते म्हणत नाहीत हे, उचकी लागावी तसं आपोआप येतंय.

“आपोआप येतंय म्हंजे देवच गातोय की,” गौराबाई म्हणाली.

मामंजींनी डावा पाय उचलला आणि पोरीचं डोकं ढकललं. जा म्हणून. गौराबाईनं तो पाय धरून पोरीच्या कपाळाला लावला, मग आपल्या. मामंजींनी हात आपटला, कपाळावर मारून घेतलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिला ते अंगात येणं वाटलं. तिनं पदर पसरला. आणि हे सगळं चालू असताना त्यांच्या तोंडून ताट मांडलेलं, ताट मांडलेलं, असं धृपद फिरून फिरून येत राहिलं.

माझं बोलणं तिला आता सहन होईना. मला गप्प करायचं म्हणून तिनं त्यांनाच विचारलं,

“बुवा, तुमीच सांगा. न्यायची का हिला दवाखान्यात?”

मी मध्ये पडणार तोवर मान हलली होती. नाही. त्यांना स्वतःलाच कळलं आपण काय केलं ते. ते दचकले, जोरात हो म्हणायला गेले, आणि मान आणखी जोरात हलली. नाही, नाही, नाही.

“न्हाय म्हणत्यात, आव्वा,” शशिधर म्हणाला.

मी त्याच्यापुढं गुडघे टेकले. म्हटलं, दादा, यांचं हो आणि नाही उलटं झालंय, आत्ता दाखवते तुला. आणि मामंजींकडं वळून विचारलं, तुमचं नाव आकाराम ना? त्यांनी माझ्याकडं बघितलं. किती आटापिटा केला असेल त्यांनी त्या एका क्षणात, पण मान फिरली ती नाही अशीच फिरली. बघितलंस, मी शशिधरला म्हणाले.

“आता रंगोबा आकाराम म्हणून ओ देतील व्हय?” गौराबाई म्हणाली. तिला माझी कीव आली असावी. मला स्वतःला हसू आलं, आणि हसू आल्याचीच भीती वाटली.

मी पोरीला काखेत हात घालून उचललं. गौराबाईनं तिचे पाय धरले. एका लेकराला दोघी दोन बाजूंनी ओढतोय, आणि लेकरू रडतसुद्धा नाही. त्याची मान कापडासारखी मागं पडलेली. ती मान बघून माझेच हात सुटले. गौराबाईनं पोरीला पुन्हा खाली निजवलं.

मामंजींनी श्वास घेतला. छाती भरली, तोंड उघडलं. गाणं पुन्हा येणार हे मला कळलं, त्यांनाही कळलं. आणि त्यांनी डावा हात उचलून आपल्याच तोंडावर मारला. नुसता ठेवला नाही. तळवा ओठांवर गच्च दाबला, बोटं गालात रुतवली. आत सूर उठत होता. गळा हलताना दिसत होता. त्यांनी तो बाहेर येऊ दिला नाही.

खोली गप्प झाली.

तेव्हा तो आवाज ऐकू आला. पोरीच्या घशातला. भांड्याच्या तळाशी थोडं पाणी राहावं आणि कुणी ते नळीनं ओढावं, तसा. खर्र, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा खर्र. तो मघापासूनच येत असणार. गाण्याखाली तो कुणालाच ऐकू आला नव्हता. मलासुद्धा नाही, आणि मी तर डोळे उघडे ठेवून उभी होते.

गौराबाई विनवायला लागली. बुवा, निम्म्यात सोडू नका, पाया पडते, अजून एकदा म्हणा. त्यांनी डोळे मिटून घेतले. हात तसाच. ती त्यांच्या मनगटाला धरून हात काढायला गेली, आणि तालमीतलं ते म्हातारं मनगट तिला हललं नाही.

शशिधर पोरीच्या तोंडाशी कान नेऊन बसला होता. तो उठला. आईनं त्याच्या सदऱ्याचं टोक धरलं.

“आव्वा, सोड,” तो म्हणाला, अगदी हळू.

ती सोडेना. तो तसाच निघाला, सदरा टरकला, आणि पोरीला छातीशी धरून तो गल्लीतून धावत सुटला. मी त्याच्या मागं अनवाणी. पुढच्या रिक्षात आम्ही बसलो. गौराबाई मागच्या रिक्षातून आली.

दवाखान्यात डॉक्टर ओरडला, आत्तापर्यंत कुठं होता? पोरीला इंजेक्शनं दिली, घशात नळी घातली. श्वासाचं यंत्र दुसऱ्या पेशंटला लावलेलं होतं. मग नळीला रबराचा फुगा जोडला आणि सांगितलं की हा दाबत राहायचं, आपण श्वास घेतो त्या चालीनं, हात थांबला की पोरगी थांबली. शशिधरनं दाबला. त्याचे हात भरून आले तेव्हा मी घेतला. पण खरी दाबली ती गौराबाईनं. म्हशींच्या धारा काढलेली बोटं ती. एक लय धरली आणि मोडली नाही, घोटभर पाणीसुद्धा घेतलं नाही. माझ्याकडं मात्र तिनं एकदाही बघितलं नाही.

दिवे लागले तेव्हा मला आठवलं की घरात मामंजी सकाळपासून एकटे आहेत. दार सताड टाकून आले होते. तव्यावर भाकरी.

घरी आले तर तवा काळा पडून गार झालेला. स्टो रॉकेल संपून विझला होता म्हणून घर राहिलं. मामंजी खुर्चीतच होते. खुर्चीखाली ओलं झालेलं. आणि हात तोंडावर. सकाळी होता तसाच, गच्च. दिवसभर त्यांनी तो काढला नव्हता. आपल्या तोंडाचा त्यांना भरवसा राहिला नव्हता.

“मामंजी,” मी म्हणाले, “श्वास चाललाय पोरीचा. फुग्यानं, पण चाललाय.”

हात हलला नाही. मग मी एकेक बोट उचलून सोडवलं. गालावर बोटांचे खड्डे पडले होते, ओठ आतल्या बाजूनं दातांनी फाटले होते. तोंड उघडं राहिलं. मी वाट बघत उभी राहिले, की आता येईल. काही आलं नाही. मी चमच्यानं पाणी घातलं, कपडे बदलले आणि पुन्हा दवाखान्यात गेले.

पोर वाचली. बरेच दिवस लागले. आधी फुगा, मग मोकळं झालेलं यंत्र, मग तिचा तिचा श्वास. पापण्या सगळ्यात शेवटी उघडल्या. मी डबा घेऊन जायची. शशिधर माझ्याशी बोलायचा, गौराबाई डबा घ्यायची आणि भांडी घासून परत द्यायची. बोलणं नाही. घरी मामंजी गात नव्हते. मी सकाळी मुद्दाम त्यांच्यासमोर ते धृपद गुणगुणले, एकदा नाही, कितीदा. ते खिडकीबाहेर बघत बसायचे.

घरी सोडलं त्या दिवशी शशिधर पोरीला घेऊन स्टँडवर थांबला आणि गौराबाई एकटी आमच्या दारात आली. हातात पिशवी. आत ये म्हटलं तर आली नाही. उंबऱ्याबाहेर उभी राहिली आणि जे इतके दिवस धरून ठेवलं होतं ते बोलली.

“वाचली पोरगी. सुया टोचून वाचली. बुवांनी निम्म्यात टाकली तिला. तसल्या वक्ताला माझ्या नातीसाठी एवढं तोंड उघडवंना झालं त्यास्नी?”

मामंजी आत होते, पडद्याच्या पलीकडं. त्यांना प्रत्येक शब्द ऐकू जात होता.

माझ्या ओठावर सगळं आलं होतं. मावशी, ते तोंड मिटलं म्हणून तर तुमच्या लेकाला पोरीचा घसा ऐकू आला. एवढं एकच वाक्य बोलायचं होतं. आणि ते तिला पटलंही असतं, तीच तर भीती. पटलं असतं तर ती तिथंच उंबऱ्यावर डोकं ठेवती, आणि बुवांनी मौन धरून विष उतरवलं असं शिरोळ तालुकाभर झालं असतं. पुढच्या पावसाळ्यात आणखी एखादी पोर, आणखी एखादी एस.टी. आणि आत खुर्चीत कोण, तर ज्याला जा म्हणता येत नाही असा माणूस.

“व्हय, मावशी,” मी म्हणाले. आवाज मुद्दाम मोठा ठेवला. “बुवांचं गेलं आता सगळं. विष उतरवायचं ऱ्हायलं न्हाय त्यांच्यात. गावात सांगा. जयसिंगपूरच्या बाजारात सांगा. सगळ्यांस्नी सांगा.”

ती माझ्याकडं बघत राहिली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच नीट बघितलं तिनं.

“खरं म्हंतीस?”

“खरं.”

तिनं पिशवीतून एक नारळ अर्धा बाहेर काढला होता. तो पुन्हा आत ठेवला. पिशवी सावरली, वळली आणि स्टँडकडं चालायला लागली. ती सांगणार, याची मला खात्री होती. तिनं सांगितलंही. त्यानंतर आमच्या दारात सापाचं माणूस कधी आलं नाही.

मी दार लावलं आणि आत गेले. कुठल्या तोंडानं गेले ते माझं मला माहीत. मामंजी खिडकीकडं नाही, पडद्याकडं तोंड करून बसले होते. मी समोर उभी राहिले. त्यांनी डावा हात खाली नेला आणि बाजूचं स्टूल माझ्याकडं सरकवलं, बस म्हणून.